चौथ्या शनिवारचं ताट

डिसेंबरचा चौथा शनिवार आला की बायको सकाळीच विचारते, "आज रात्री तुमचा स्वयंपाक नाही ना?" तिलाही उत्तर माहीत असतं. त्या रात्री सांगली-मिरज रस्त्यावरच्या एका हॉटेलात आम्ही विलिंग्डन कॉलेजचे जुने दोस्त जेवायला जमतो. माणशी ठरलेले पैसे भरायचे आणि पाहिजे तितकं जेवायचं, असा तिथला बुफे. २००९ च्या पहिल्या वर्षी सात जण होतो. आता पंधरा-सोळा भरतात.

आम्ही एकमेकांना नावानं हाक मारत नाही. १९८८ साली पहिल्याच आठवड्यात प्रत्येकाचं गाव हेच त्याचं नाव झालं, ते आजतागायत. जत, आटपाडी, शिराळा, तासगाव. सांगलीतलाच जो होता तो गावभाग, कारण घर गणपती मंदिराच्या मागच्या गल्लीत. मी विटा. परवा शिराळ्याच्या नातीनं त्याला विचारलं, "आजोबा, हे तुम्हाला शिराळा का म्हणतात?" तेव्हा कळलं की त्याच्या घरच्यांना हे नाव ठाऊकच नव्हतं.

एक सांगली जिल्हा म्हणायचा, पण त्या नावांत दोन मुलूख होते. शिराळ्याकडं पाऊस कोसळायचा, भातशेती, वारणेचं पाणी. जत आणि आटपाडीकडं माळरान, ज्वारी, मेंढरं आणि उन्हाळ्यात टँकरची वाट. जतच्या घरात कानडी बोलत. मराठी तो शाळेत शिकलेला, त्यामुळे सुरुवातीला कमी बोलायचा. मग आम्ही शेवटच्या वर्षाला असतानाच्या काळात विनायक कृष्ण गोकाक यांना १९९० चं ज्ञानपीठ मिळालं. कानडीतला हा मोठा कवी एके काळी आमच्याच कॉलेजचा प्राचार्य होता, हे सरांनी वर्गात सांगितलं. त्या दिवशी जत कॉलेजभर मान वर करून हिंडला. १९१९ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटीनं सुरू केलेल्या त्या कॉलेजच्या दगडी इमारतीत आपलंही काही आहे, असं त्याला तेव्हा पहिल्यांदा वाटलं असावं.

जत, शिराळा आणि मी विश्रामबागेत एका खोलीवर राहायचो. शिराळा आणि मी मेसला, जतला मात्र गावाहून डबा यायचा, एसटीनं. ज्यांनी ते दिवस पाहिलेत त्यांना सांगायला नको. गावात रात्री मुक्कामाला राहिलेली गाडी पहाटे सुटायची. त्याआधी आया उठून भाकऱ्या थापत आणि कुणीतरी पोरगं पळत जाऊन डबा गाडीत देई. डबे ड्रायव्हरशेजारच्या बॉनेटवर ओळीनं बसत. इंजिनाच्या उष्णतेनं ते कोमट राहत. कवठेमहांकाळ, मिरज करत गाडी नऊच्या सुमारास विश्रामबागच्या थांब्यावर यायची. अर्धा मिनिट थांबायची. कंडक्टर दारातूनच ओरडायचे, "जतचा डबा कुणाचा?" जत हात वर करून पुढं व्हायचा आणि कालचा रिकामा डबा त्यांच्या हातात द्यायचा.

जर्मनचा उभा डबा, झाकणावर लाल ऑइलपेंटनं लिहिलेलं नाव, वर पांढऱ्या फडक्याची गाठ. आत ज्वारीच्या चार भाकऱ्या, मधल्या भाकरीवर शेंगदाण्याची चटणी आणि एका कोपऱ्यात मटकी नाहीतर पिठलं. भाकऱ्या एकमेकींना चिकटलेल्या असत, त्यांना वाफेचा ओलसर वास यायचा. त्या वासासाठी मी आजही कुठंही थांबेन.

पहिल्या वर्षीच्या दिवाळीनंतर शिराळा दुपारी खोलीवरच पडून राहू लागला. मेसला चल म्हटलं की म्हणायचा, "भूक न्हाई रं." असे आठ-दहा दिवस गेले. मला वाटलं, पोट बिघडलंय. जतनं मात्र एका संध्याकाळी परस्पर मेसवर जाऊन विचारलं आणि कळलं की शिराळ्याचे पैसे भरलेले नाहीत. गावाकडून मनीऑर्डर आली नव्हती. जतनं त्याला काहीच विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी डबा उघडून तीन ठिकाणी वाटा केला आणि म्हणाला, "मला एकट्याला संपत न्हाई." चार भाकऱ्यांचे तीन वाटे. त्या दिवसापासून मीही दुपारचा मेसला गेलो नाही. तिघांनी एकत्र बसायचं म्हणजे बसायचं.

दोन आठवड्यांनी एका सोमवारी कंडक्टरनी डबा दिला तो हाताला जड लागला. खोलीवर जाऊन उघडला तर बारा भाकऱ्या, दुप्पट चटणी, शिवाय खाली केळीच्या पानात बांधलेला खरडा. जतनं घरी एक शब्द कळवला नव्हता. कंडक्टरनीच मुक्कामाला गेल्यावर जतच्या आईला दारात सांगितलं होतं, "बाई, तुमच्या डब्यावर तिघं पोरं जेवत्यात." त्यांनी हे कसं हेरलं कोण जाणे. कदाचित थांब्यावर आता आम्ही तिघंही उभे असायचो म्हणून. तेव्हापासून पदवी मिळेपर्यंत, म्हणजे अडीच वर्षं, बारा भाकऱ्या येत राहिल्या. १९९० च्या उन्हाळ्यात त्या घरातही पाणी विकत घ्यावं लागत होतं, हे आम्हाला फार उशिरा समजलं.

तर बुफे. २००९ मध्ये हॉटेल ठरवलं आटपाडीनं. त्याच्या डाळिंबाला त्या वर्षी चांगला भाव मिळाला होता. तो म्हणाला, "जिथं कुणी मोजत न्हाई अशा ठिकाणी जेवू." मला त्याचं म्हणणं लगेच कळलं. मेसमध्ये भाजी एकदाच मिळायची, रविवारच्या फीस्टला गोडाची वाटी एकच. मुंबईहून आलेला तासगाव म्हणाला, छानपैकी टेबलावर वाढणारं हॉटेल घेऊ, पण आटपाडी ऐकेना.

पहिल्या वर्षी सगळे जवळपास वीस वर्षांनी भेटलेले. जो तो आपापलं ताट घेऊन वेगवेगळ्या रांगेत गेला. कुणी तांबड्या रश्शाकडं, कुणी पुऱ्यांकडं. अर्ध्या गप्पा रांगेत हरवल्या. मी टेबलाशी परतलो तर शिराळा आधीच येऊन बसलेला. ताटात एक पोळी, थोडी काकडी, एक पापड. मी म्हटलं, "हे काय?" तो म्हणाला, "भूक न्हाई रं."

एवढा मोठा बँकेतला अधिकारी. तीन मजली घर बांधलेला. पण चारचौघांत ताट भरून घ्यायला त्याचा हात अजून धजत नव्हता. जत उठला. त्यानं शिराळ्याच्या पुढ्यातलं ताट उचललं आणि काउंटरवर गेला. सुकं मटण, पांढरा रस्सा, भाकरी, इंद्रायणी भात, वाटीत बासुंदी, असं सगळं वाढून आणलं आणि त्याच्यापुढं ठेवलं. टेबल गप्प झालं. मग शिराळा जेवू लागला. जेवता जेवता त्यानं डोळे पुसले, तेव्हा सगळ्यांनी आपापल्या ताटात बघितलं.

तेव्हापासून आमचा नियम झाला. स्वतःचं ताट स्वतः वाढायचं नाही. आल्यावर जो शेजारी बसेल त्याचं ताट आपण वाढायचं.

हे वाटतं तितकं सोपं नाही. दुसऱ्याचं ताट वाढायचं तर तो माणूस लक्षात ठेवावा लागतो. तासगावला कांदा-लसूण चालत नाही. आटपाडीला पांढरा रस्सा आधी हवा, तांबडा नंतर. पलूसची म्हणजे आमच्या वर्गातली एक जण, जी पाचव्या वर्षापासून येऊ लागली. वर्गात तीन वर्षांत तिच्याशी आमची मोजून चार वाक्यं झाली असतील. पहिल्यांदा तिचं ताट वाढायची वेळ गावभागावर आली तेव्हा तो काउंटरपुढं नुसता उभा राहिला. मग परत येऊन तिलाच विचारलं, "बाई, तुम्हाला काय आवडतं?" इतक्या वर्षांनी झालेली ती पहिली चौकशी. आता तिचं ताट कुणीही डोळे मिटून वाढेल. आधी सोलकढी, भाजीत वांगं असेल तर तेच, आणि शेवटी गरम जिलेबी, एकच, पण कडक.

ताटंही बदलत गेली. सुरुवातीला रश्शाच्या तीन-तीन वाट्या व्हायच्या. आता मी आटपाडीला जिलेबीचा अर्धाच वेढा वाढतो, कारण त्याची साखर मला माहीत आहे. कुणाला दहीभात आधी लागतो, कुणाचे दात दुखतात म्हणून मटण मऊ बघून घ्यावं लागतं. काउंटरवरचा पोरगा आम्हाला ओळखतो. डेगीतला खालचा तुकडा तो स्वतःहून काढून देतो.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला महापूर आला. आयर्विन पुलाशी धोक्याची पातळी ४५ फूट, पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. गावभागाच्या घरात पहिल्या मजल्यापर्यंत पाणी. त्याच्या वडिलांचा हार्मोनियम आणि आमचे कॉलेजातले सगळे फोटो त्यातच गेले. डिसेंबरात त्यानं फोनवर सांगितलं, "मी येत नाही, भूकच नाही." ते शब्द ऐकल्यावर कुणाला काही सांगावं लागलं नाही. त्या शनिवारी आम्ही चौदा जण आधी त्याच्या घरी गेलो. भिंतींना ओल होती, पुराची रेघ डोक्याच्या वर. त्याला आणि वहिनींना गाडीत घालूनच हॉटेलात आणलं. त्या रात्री त्याचं ताट चौदा जणांनी वाढलं. प्रत्येकानं एक-एक पदार्थ.

जतनं २०१६ साली त्याच्या आईला आणलं होतं. आम्ही सगळे तिला अव्वाच म्हणतो. एवढा बुफे मांडलेला बघून ती दारातच थांबली आणि लेकाला कानडीत काहीतरी म्हणाली. जतनं सांगितलं, "ती विचारत्येय, एवढं कुणी रांधलं?" आम्ही तिला मधल्या खुर्चीत बसवलं. ती बसेना. टेबलाभोवती फिरून तिनं प्रत्येकाच्या ताटाकडं बघितलं आणि म्हणत राहिली, "ऊटा माड्री, ऊटा माड्री." जेवा, जेवा. मग पिशवीतून तिनं डबा काढला. तोच जर्मनचा. लाल अक्षरं पुसट झालेली. मॅनेजर जवळ आले, बाहेरचं चालत नाही म्हणाले. जत उठून त्यांना बाजूला घेऊन काहीतरी बोलला. ते परत आले आणि एक रिकामं ताट स्वतः आणून डब्याशेजारी ठेवलं.

तेव्हापासून दर वर्षी बुफेच्या आधी तो डबा उघडतो. एक-एक चतकोर भाकरी आणि चटणी, मग बाकीचं. अव्वा आता पंच्याऐंशीच्या पुढं आहे, प्रवास झेपत नाही. भाकऱ्या सून करते. चटणी मात्र ती स्वतः कुटते.

गेल्या डिसेंबरात जत लेकीच्या बाळंतपणासाठी हुबळीला होता. शुक्रवारी रात्री त्याचा फोन आला. "विटा, मी न्हाई, पण अव्वानं डबा गाडीत द्यायला लावलाय. उद्या नऊला विश्रामबागला जा."

मी साडेआठलाच गेलो. थांबा आता पूर्वीच्या जागी नाही, थोडा पुढं सरकलाय. थंडी होती. मिरजेकडून गाड्या येत होत्या, जात होत्या. नऊ वाजून दहा मिनिटांनी जतची गाडी आली. दार उघडलं. तिशीतला कंडक्टर, हातात फडक्यात बांधलेला डबा, बाहेर डोकावून त्यानं हाक दिली, "जतचा डबा कुणाचा?"

मी हात वर केला. "माझा."