तुम्ही विचारलंत म्हणून : लिनक्सवर दुसरा मॉनिटर

"तुमच्या टेबलावर दोन मॉनिटर आहेत, आणि संगणक तर लिनक्सवर चालतो, मग हे जमवलेत कसे?" भाषांतर आणि मुद्रितशोधनाच्या कामातले माझे सहकारी हा प्रश्न मला वारंवार विचारतात. विंडोजवर केबल खोचली की काम होते, लिनक्सवर मात्र काळ्या चौकटीत आज्ञा टंकत बसावे लागते, अशी समजूत त्यामागे असते. आज ती खरी नाही. केबल खोचल्यावर बहुतेक वेळा दुसरा मॉनिटर आपोआप उजळतो आणि सेटिंग्जमध्ये दोन चौकोन शेजारी शेजारी दिसू लागतात. अडचण असते ती त्यापुढे, म्हणजे दोन असमान मॉनिटर शेजारी नांदवण्यात. आपल्याकडे दुसरा मॉनिटर सहसा घरात पडून असलेला किंवा जुन्या बाजारातून आणलेला असतो, त्यामुळे जोडी सारखी असण्याचा योग क्वचितच येतो.

आधी केबलचे पाहू, कारण माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींपैकी बऱ्याच तिथेच मिटतात. ग्राफिक्स कार्ड बसवलेल्या डेस्कटॉपच्या पाठीमागे डिस्प्लेचे पोर्ट दोन ठिकाणी असतात : एक गट मदरबोर्डवर आणि दुसरा कार्डावर. लोक एक केबल वर लावतात, दुसरी खाली, आणि एक मॉनिटर 'सिग्नल नाही' असे सांगत बसतो. कार्ड सापडले की अनेक मदरबोर्ड प्रोसेसरमधले अंगभूत ग्राफिक्स बंद करतात. ते चालू ठेवण्याचा पर्याय पुष्कळदा बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंग्जमध्ये, असतो, पण दोन्ही केबल कार्डालाच लावणे हा सोपा आणि चांगला मार्ग आहे. ज्यांच्या नावाअखेरीस 'एफ' अक्षर असते अशा इंटेलच्या प्रोसेसरमध्ये अंगभूत ग्राफिक्सच नसते, त्यामुळे तिथे मदरबोर्डचा एचडीएमआय पोर्ट केवळ शोभेचा ठरतो.

जुन्या मॉनिटरला फक्त व्हीजीए हा जुन्या धाटणीचा पोर्ट असेल, तर एचडीएमआयमधून व्हीजीए काढून देणारा कन्व्हर्टर लागतो आणि तो एकदिशा असतो. तोच उलटा लावून भागत नाही. डिस्प्लेपोर्टकडून एचडीएमआयकडे जाणाऱ्या स्वस्त केबलचीही तीच गोष्ट. फोर-के (सुमारे चार हजार ठिपके रुंद) मॉनिटर जुन्या एचडीएमआय १.४ पोर्टला लावला, तर पूर्ण रिझोल्यूशनला सेकंदाला ३० चित्रेच मिळतात आणि माउस जड झाल्यासारखा वाटतो. त्याचा दोष लिनक्सवर येतो, प्रत्यक्षात मर्यादा पोर्टची असते.

दोष कुठे आहे हे ओळखण्याची एक खात्रीची जागा लिनक्समध्ये आहे. मुळाशी असलेल्या 'सिस' फोल्डरातील 'क्लास' आणि त्यातील 'डीआरएम' उघडले, तर प्रत्येक डिस्प्ले पोर्टसाठी एक फोल्डर दिसते, आणि त्यातल्या 'स्टेटस' नावाच्या फाइलमध्ये 'कनेक्टेड' किंवा 'डिस्कनेक्टेड' एवढा एकच शब्द असतो. मॉनिटर लावलेला असताना कर्नलच, म्हणजे लिनक्सचा गाभाच, 'डिस्कनेक्टेड' म्हणत असेल, तर आधी केबल, कन्व्हर्टर, पोर्ट आणि ड्रायव्हर तपासावेत. सेटिंग्जमध्ये डोके घालून काही हाती लागत नाही. 'कनेक्टेड' असूनही चित्र १०२४ गुणिले ७६८ पिक्सेलच्या (चित्राच्या ठिपक्यांच्या) पुढे जात नसेल, तर मॉनिटरची ओळख संगणकापर्यंत पोहोचलेली नसते. आपण कोण, आपली लांबीरुंदी किती आणि कोणती रिझोल्यूशने आपल्याला चालतात, हे प्रत्येक मॉनिटर ईडीआयडी नावाच्या किमान १२८ बाइटच्या छोट्याशा मजकुरात सांगतो. मध्ये एखादा साधा केव्हीएम स्विच (एकच मॉनिटर आणि कळफलक दोन संगणकांना वापरू देणारी पेटी) किंवा निकृष्ट कन्व्हर्टर असला की तो मजकूर वाटेत हरवतो.

आता मूळ मुद्द्याकडे येते. आपल्याला दोन मॉनिटर म्हणजे दोन पडदे वाटतात, पण डेस्कटॉपच्या, म्हणजे खिडक्या आणि पडदा सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमच्या, दृष्टीने ते एकाच मोठ्या प्रतलाकडे पाहणाऱ्या दोन खिडक्या असतात. माझ्याकडे डावीकडे २४ इंची मॉनिटर आहे, १९२० गुणिले १०८० चा. उजवीकडे १९ इंची जुना, जवळपास चौकोनी मॉनिटर आहे, १२८० गुणिले १०२४ चा. पुस्तकाचे पान पूर्ण दिसावे म्हणून तो मी उभा फिरवला आहे, म्हणजे आता तो १०२४ रुंद आणि १२८० उंच झाला. दोन्ही वरच्या कडेला जुळवून ठेवले, तर एकूण प्रतल २९४४ रुंद आणि १२८० उंच होते. पण डाव्या मॉनिटरची उंची १०८० च असल्याने त्याच्या खाली १९२० रुंद आणि २०० उंच अशी एक पट्टी उरते, जी प्रतलात आहे पण कोणत्याही काचेवर नाही.

"माउस एका ठिकाणी भिंतीला धडकल्यासारखा अडतो" आणि "खिडकीचा खालचा भाग गायब होतो" या दोन्ही तक्रारी अशाच रिकाम्या पट्टीतून येतात. उजव्या मॉनिटरच्या अगदी तळाशी माउस नेऊन तो डावीकडे ढकलला, तर समोर मॉनिटरच नसतो, म्हणून तो अडतो. बरेच जण सेटिंग्जमधले चौकोन 'उजवीकडे' एवढ्यावर सोडून देतात आणि वरखाली सरकवून पाहत नाहीत. मी ते मधोमध जुळवले, म्हणजे वर शंभर आणि खाली शंभर पिक्सेल मोकळे राहिले, कारण माझे दोन्ही मॉनिटर टेबलावरही मध्य जुळवून बसवलेले आहेत. हाताच्या सवयीला टेबलावरची मांडणी कळते, म्हणून प्रतलावरची मांडणी तिच्याशी जुळली पाहिजे.

हे प्रतल नेहमीच एकसंध नव्हते. लिनक्सवरची चित्रव्यवस्था अनेक वर्षे ज्या एक्स विंडो प्रणालीवर उभी होती, तिचा जन्म १९८४ मध्ये एमआयटीत झाला आणि अकरावी आवृत्ती १९८७ मध्ये आली. तिच्या मूळ रचनेत दोन मॉनिटर म्हणजे खरोखरच दोन वेगळे पडदे असत : माउस एकावरून दुसऱ्यावर जाई, पण उघडलेली खिडकी ओढून पलीकडे नेता येत नसे. झिनेरामा या जोडणीने, म्हणजे एक्सला नंतर जोडलेल्या पुरवणीने, ते पडदे एक केले, आणि २००७ मध्ये रँडआर या जोडणीची १.२ ही आवृत्ती आल्यावर चालू संगणकाला मॉनिटर जोडणे, काढणे आणि फिरवणे शक्य झाले. त्याआधी एक्सच्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये हे सारे हाताने लिहून एक्स पुन्हा सुरू करावे लागे. लिनक्सविषयीची भीती बहुधा त्या काळातली आहे, आणि त्या काळापुरती ती रास्तही होती.

रँडआरची 'एक्सरँडआर' ही आज्ञा इंटरनेटवरच्या जुन्या सल्ल्यांत पदोपदी भेटते. आज ती वापरू नये असे माझे मत आहे, निदान सुरुवातीला तरी. एक तर तिने केलेला बदल संगणक पुन्हा सुरू केल्यावर राहत नाही, आणि लोक रोज सकाळी तीच ओळ चिकटवत बसतात. डेस्कटॉपच्या स्वतःच्या सेटिंग्जमधून केलेला बदल मात्र जतन होतो. दुसरे असे की, एक्सची जागा आता वेलँड या नव्या चित्रव्यवस्थेने घेतली आहे, आणि वेलँडवर या आज्ञेने मांडणी बदलत नाही. वेलँडची सुरुवात २००८ मध्ये झाली. फेडोरा या लिनक्सच्या एका प्रकाराने २०१६ मध्ये ते आपल्या मुख्य आवृत्तीत मूळ निवड म्हणून घेतले, आणि केडीई या डेस्कटॉपच्या प्लाझ्मा ६ या आवृत्तीने २०२४ मध्ये. लिनक्स मिंट या दुसऱ्या प्रकाराचा सिनॅमन डेस्कटॉप मात्र मूळ निवड म्हणून एक्सवरच राहिला. त्यामुळे कोणताही सल्ला वाचण्याआधी आपण कोणत्या बाजूला आहोत हे पाहावे. दोन्हींची सोय असेल, तर बहुधा लॉगिनच्या वेळी, पासवर्ड टंकण्यापूर्वी, ती निवड दिसते.

हा फरक खरा जाणवतो तो अक्षरांच्या आकारात. माझ्या २४ इंची मॉनिटरवर एका इंचात सुमारे ९२ पिक्सेल बसतात आणि जुन्या १९ इंचीवर सुमारे ८६, म्हणून खिडकी एकीकडून दुसरीकडे नेली तरी अक्षर जवळपास तेवढेच दिसते. याउलट २७ इंची फोर-के मॉनिटरवर एका इंचात सुमारे १६३ पिक्सेल असतात. तो २४ इंचीच्या शेजारी ठेवला, की तोच मजकूर तिथे जवळजवळ निम्मा दिसतो. एक्सचे प्रतल पिक्सेलमध्ये मोजलेले आणि सर्वांसाठी एकच असते, त्यामुळे एका मॉनिटरला दुप्पट आणि दुसऱ्याला एकपट असे सरळ सांगता येत नाही. मग सर्वच दुप्पट काढायचे आणि लहान मॉनिटरसाठी ते चित्र पुन्हा आक्रसायचे, असा आडमार्ग घ्यावा लागतो. इंग्रजी अक्षर त्यात बऱ्यापैकी टिकते. देवनागरीचे तसे नाही. रफार, मात्रा आणि अनुस्वार शिरोरेषेवर एकाच अरुंद जागेत दाटीने बसतात, आणि चित्र आक्रसले की 'सर्वांत' या शब्दातला अनुस्वार रफाराच्या धुक्यात जातो. गोष्टी वाचणाऱ्याचे त्यावाचून काही अडत नाही, पण 'सर्वात' आणि 'सर्वांत' यांतला फरक पकडण्याचेच पैसे ज्याला मिळतात, त्याला ते परवडत नाही.

वेलँडमध्ये प्रत्येक मॉनिटरचे प्रमाण स्वतंत्र ठेवता येते. सुरुवातीला तेथेही केवळ पूर्णांक चालत. दीडपट हवे असेल तर दुप्पट काढून लहान केले जाई. २०२२ मध्ये अपूर्णांकी प्रमाणाचा अधिकृत प्रोटोकॉल आला, आणि आता जे प्रोग्रॅम तो समजतात ते थेट दीडपटीतच अक्षर काढतात. जुने, केवळ एक्ससाठी लिहिलेले प्रोग्रॅम मधल्या एका थरातून चालतात आणि मॉनिटरचे प्रमाण मोठे ठेवले की कधी कधी पुसट दिसतात, तेव्हा पुसटपणा एकाच प्रोग्रॅममध्ये असेल तर मॉनिटरला बोल लावू नये. वेलँडची एक गोष्ट मला मुळीच आवडत नाही : तिथे प्रोग्रॅमला आपण प्रतलावर नेमके कुठे आहोत हे कळत नाही आणि आपली जागा ठरवताही येत नाही. त्यामुळे काल उजव्या मॉनिटरवर ठेवलेली पीडीएफ आज डावीकडे उघडते. केडीईमध्ये त्या त्या खिडकीसाठी नियम लिहून ठेवता येतो. मी तसे केले आहे.

मॉनिटर उभा फिरवणार असाल, तर त्याच्या पाठीवर १०० मिलिमीटर अंतराची चार भोके आहेत का ते आधी पाहावे, म्हणजे मूळ स्टँड फिरत नसला तरी मॉनिटर धरणारा वेगळा हात बसवता येतो. जुने, स्वस्त, टीएन प्रकारचे पॅनेल उभे केल्यावर दोन डोळ्यांना पांढरा रंग वेगवेगळा दिसतो आणि तासाभरात डोके जड होते. त्यावर कोणत्याही सेटिंगचा इलाज नाही. अक्षरांच्या कडा गुळगुळीत करताना लाल, हिरव्या आणि निळ्या उपपिक्सेलांचा आधार घेतला जातो, आणि मॉनिटर फिरवला की त्यांची दिशाही फिरते. म्हणून उभ्या मॉनिटरवर अक्षरांना रंगीत किनार दिसू लागली, तर फाँटच्या सेटिंग्जमध्ये करड्या छटांची पद्धत निवडावी.

एनव्हिडिया कंपनीचे ग्राफिक्स कार्ड असणाऱ्यांसाठी एवढेच, की वेलँडवर त्याची लुकलुक पुष्कळ गाजली होती, आणि २०२४ मध्ये आलेल्या ५५५ मालिकेच्या ड्रायव्हरपासून ती बरीच निवळली. एक मॉनिटर १४४ हर्ट्झचा (सेकंदाला १४४ चित्रे दाखवणारा) आणि दुसरा ६० हर्ट्झचा असेल, तर एक्सपेक्षा वेलँड बरे.

ग्नोम हा डेस्कटॉप वापरणाऱ्यांची एक हमखास तक्रार असते, की वर्कस्पेस (खिडक्यांचे वेगवेगळे संच) बदलले तरी दुसऱ्या मॉनिटरवरचे काही हलत नाही. ते बिघडलेले नसते. वर्कस्पेस फक्त मुख्य मॉनिटरवर बदलावेत अशीच ग्नोमची मूळ मांडणी आहे, आणि 'मल्टिटास्किंग' या विभागात ती बदलता येते. मला तर मूळ मांडणीच पटते, कारण उजवीकडचे मूळ पान जागेवर राहते आणि डावीकडे मी हवे ते उघडत राहते.

डिस्प्लेपोर्टने जोडलेले काही मॉनिटर बटणाने बंद केले, की केबल काढल्यासारखेच धरले जातात आणि त्यांच्यावरच्या साऱ्या खिडक्या दुसऱ्या मॉनिटरवर येऊन पडतात. आपल्याकडे संगणक आणि एक मॉनिटर यूपीएसवर आणि दुसरा मॉनिटर थेट भिंतीच्या सॉकेटवर, अशी वायरिंग सर्रास आढळते. तेव्हा वीज गेल्यावर हाच गोंधळ ऐन कामात होतो. एलईडी मॉनिटर फारशी वीज खात नाही, म्हणून दोन्ही यूपीएसवरच घ्यावेत.

एवढे सगळे जुळवूनही लॉगिनच्या वेळी पासवर्डची चौकट उभ्या मॉनिटरवर आडवी पडलेली दिसू शकते. लॉगिनचा पडदा वेगळ्याच वापरकर्त्याच्या नावाने चालतो आणि तुमच्या मांडणीची त्याला कल्पना नसते. ग्नोममध्ये तुमची मांडणी घरच्या फोल्डरातील लपलेल्या 'कॉन्फिग' फोल्डरात 'मॉनिटर्स' नावाच्या फाइलमध्ये असते, आणि तिची प्रत लॉगिन व्यवस्थापकाच्या फोल्डरात ठेवली की तो पडदाही सरळ होतो. त्यासाठी मात्र प्रशासकाचा अधिकार लागतो, आणि मांडणी पुन्हा बदललीत तर ती प्रतही नव्याने ठेवावी लागते.