तुम्ही विचारलंत म्हणून: गिटारवाल्याचा पहिला बेस

“दादा, पंधरा वर्षं गिटार वाजवतोय. आता बेस, म्हणजे खर्जाची गिटार, घ्यायचाय, वीस हजारांत बसणारा. कुठला घेऊ?”

महिन्यातून दोनदा तरी हे विचारलं जातं. मी सांगतो, चार तारांचा घ्या, बॅटरी नसलेला, साधा. त्यावर ठरलेलं उत्तर येतं: “पण मला वाजवता येतं ना, मग शिकाऊ मुलांचा कशाला?” इथे माझा आवाज चढतो आणि समोरच्याला वाटतं, दादा गिटारवाल्यांना कमी लेखतो. मी स्वतः गिटारवाला आहे. बावीस वर्षं ऑर्केस्ट्रात गिटार वाजवली आहे. आज एकदाच सगळं सांगतो.

तुम्हाला जे येतं, तेच आड येतं. फ्रेटबोर्ड, म्हणजे तारांखालची पट्टी, तिच्यावरच्या आडव्या फ्रेटसकट पाठ आहे, बोटं पळतात, म्हणून आपण बेसकडे जाड तारांची गिटार म्हणून बघतो आणि त्या हिशोबानं ‘पुढचा’ बेस निवडतो. मीही तेच केलं होतं.

२०१६ची कोजागरी, ठाण्यातल्या एका सोसायटीची गच्ची. आमचा बेसवाला नोकरीसाठी दुबईला गेला होता आणि मी सगळ्यांना सांगून टाकलं होतं, मी बघतो बेसचं. दीड महिना आधी अठरा हजारांत सेकंडहँड पाच तारांचा बेस घेतला होता. ॲक्टिव्ह, म्हणजे बॅटरीवाला, चकचकीत, चार नॉबचा. घरी उत्तम वाजायचा, कारण घरी मी नेककडे, म्हणजे तारांखालच्या दांड्याकडे, बघून वाजवत होतो.

दूध उकळलं आणि चांदणं दिसावं म्हणून कुणीतरी गच्चीवरचे लाइट बंद केले. ए मायनरमधलं, म्हणजे ए हा सा धरलेलं, भावगीत सुरू झालं. हात सवयीनं सगळ्यांत जाड तारेवर, पाचव्या फ्रेटवर गेला. गिटारवर तिथे ए असतो. पाच तारांच्या बेसवर सगळ्यांत जाड तार बी असते, म्हणून तिथे ई वाजतो. मी अख्खा मुखडा आणि पहिला अंतरा एक तार खाली वाजवला.

हे चटकन पकडता येत नाही, तेही सांगतो. धडधडीत बेसूर वाजलं असतं तर मी पहिल्याच मात्रेला थांबलो असतो. पण एच्या जागी ई, डीच्या जागी ए, ईच्या जागी बी. म्हणजे प्रत्येक कॉर्डखाली, एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या जुळणीखाली, तिच्या मूळ स्वराऐवजी तिचा पंचम. सगळे स्वर त्याच सप्तकातले. खटकत काहीच नाही, फक्त गाण्याच्या पायाखालची जमीन नाही. गाणाऱ्या ताईंनी कानावर हात ठेवला. दुसऱ्या ओळीला त्या मागे वळून बघायला लागल्या. अंतऱ्यात त्यांनी एक तान अर्धी सोडली, जी त्या कधीच सोडत नसत. कीबोर्डवाला माझ्याकडे झुकून म्हणाला, “कुठे आहेस तू?” मी म्हणालो, “एवर.” तो म्हणाला, “नाहीयेस.”

कार्यक्रम संपल्यावर दुधाचा पेला हातात घेऊन ताई माझ्याकडे आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, “मला सा सापडत नव्हता रे. माझंच काही चुकत होतं का?”

मी म्हणालो, “मॉनिटर स्पीकरचा प्रॉब्लेम होता, ताई.”

पुढच्या वर्षी खरं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, “तेव्हाच सांगायचंस. मी महिनाभर खालच्या पट्टीत रियाज करत बसले, आवाज उतरला असं वाटून.”

म्हणून मी चार तारांचं म्हणतो. त्यात कमीपणा नाही. फेंडरनं १९५१ मध्ये प्रिसिजन बेस आणला तो चार तारांचा, ३४ इंची स्केलचा (स्केल म्हणजे तारेच्या वाजणाऱ्या भागाची लांबी), आणि आजही बहुतेक बेस त्याच मापाचे असतात. ई, ए, डी, जी, गिटारच्याच जाड चार तारा, एक सप्तक खर्जात. हाताची सवय निदान तुमच्या विरुद्ध तरी जात नाही.

नावंच हवी असतील तर यामाहाचा टीआरबीएक्स १७४ बघा. पॅसिव्ह, म्हणजे बिनबॅटरीचा आहे, तारेचा आवाज टिपणारे दोन तऱ्हेचे पिकअप आहेत. स्क्वायरचा ॲफिनिटी प्रिसिजनही तसाच. आयबानेझचा जीएसआर २०० हलका आहे, पण त्यात बॅटरी आहे. गिटारवाल्याला केबल लावून ठेवायची सवय असते आणि ॲक्टिव्ह बेसची बॅटरी केबल लावलेली असेपर्यंत उतरत राहते.

दुकानात बाराव्या फ्रेटवर पळापळ करून दाखवू नका. पट्टा लावून उभे राहा, डावा हात सोडा, नेक खाली जातो का बघा. मग ईच्या तारेवर पहिल्या फ्रेटचा एफ दाबा आणि तो स्वर चार मात्रा तसाच धरा. बोट दुखतं का? तारेचा खडखडाट होतो का? शिवाय जीच्या तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटपर्यंत एकेक स्वर वाजवा. तिथे एखादा स्वर लगेच मरतो, बऱ्याच बेसवर. सगळे पैसे बेसवर घालू नका. नव्या तारा आणि सेटअपचे, म्हणजे बेस नीट जुळवून घेण्याचे, बाजूला ठेवा, पावसाळ्यानंतर ॲक्शन, म्हणजे तारांची फ्रेटपासूनची उंची, पुन्हा बघून घ्या. आणि घरातल्या छोट्या गिटार ॲम्पवर बेस मोठ्यानं वाजवू नका, स्पीकर फाटू शकतो. सुरुवातीला ॲम्पला लावलेला हेडफोन पुरतो.

आता जिथे माझंच माझ्याशी जमत नाही, तिथे येतो. ३० इंची शॉर्ट स्केल बेस मी वर्षानुवर्षं लोकांना नको म्हटलं. माझं म्हणणं असं की तो गिटारच्या इतका जवळ आहे की गिटारवाला त्यावर गिटारच वाजवत राहील. पण बीटल्सच्या पॉल मॅकार्टनींचा प्रसिद्ध होफनर बेस ३० इंचीच आहे, हे मला तेव्हाही माहीत होतं. मी सोयीनं विसरत होतो. गेल्या वर्षी एका मैत्रिणीनं माझं न ऐकता स्क्वायर ब्रॉन्को घेतला. तिचा हात लहान, मनगट दुखरं. तिचा प्रत्येक स्वर ढोलकीच्या ठोक्यावर बरोबर बसतो, आणि ती माझ्याहून खूप कमी वाजवते. तिला ३४ इंची घ्यायला लावला असता तर दोन महिन्यांत तो कपाटावर गेला असता, असं ती म्हणते. मला तसं वाटत नाही. पण पुढच्या वेळी कुणी लहान हातांचं विचारायला आलं, तर मी काय सांगेन ते मला आज सांगता येत नाही.

तो पाच तारांचा बेस अजून माझ्याकडे आहे. वाजवतो कधीतरी, दिवा लावून.