ग्रीन टी, यकृताच्या पेशी आणि माझा एमएस्सीचा प्रोजेक्ट

ग्रीन टीमधली कॅटेचिन्स ही अँटिऑक्सिडंट संयुगं यकृताच्या पेशींना इजेपासून वाचवतात का, हा माझ्या प्रोजेक्टचा विषय. वेळ सगळा गेला तो मिळालेल्या उत्तरावर विश्वास ठेवता यावा यासाठी, म्हणून त्याबद्दलच जास्त लिहिते.

हेपजीटू ही सेल लाइन, म्हणजे प्रयोगशाळेत सतत वाढवता येणाऱ्या मानवी पेशी, पुण्याच्या एनसीसीएस या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रातून आणली. ३७ अंश तापमान, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड, पेशी छान वाढल्या. ही लाइन मूळची यकृताच्या कर्करोगाच्या गाठीतली, तिला निरोगी यकृत समजायचं नाही, हे मॅडमनी आधीच बजावलं होतं. इजा करायला टर्शरी ब्युटाइल हायड्रोपेरॉक्साइड वापरलं. ते पेशीतलं ग्लुटाथायोन हे संरक्षक रसायन संपवतं आणि पटलातल्या मेदांचं ऑक्सिडीकरण सुरू करतं.

चहाचा अर्क आणि हे विष एकत्र घातलं, तर अर्क विषाला पेशीबाहेरच निकामी करू शकतो. तेव्हा पेशी वाचल्या तरी त्यात पेशीचं काय कर्तृत्व? म्हणून आधी नुसता अर्क दिला, मग पेशी बफरने नीट धुतल्या आणि त्यानंतरच विष घातलं. ही धुण्याची पायरी कंटाळवाणी, पण माझ्या मते सगळा प्रयोग तिच्यावरच उभा आहे.

दुसरी अडचण एमटीटीची, म्हणजे किती पेशी जिवंत आहेत ते मोजायच्या रंगाची. जिवंत पेशी हा पिवळा रंग जांभळा करतात आणि ५७० नॅनोमीटरला रीडिंग घेतात. पण कॅटेचिन्स स्वतःच एमटीटीचं क्षपण करतात, म्हणजे पेशींशिवायही रंग बदलतात! पेशी नसलेल्या, फक्त अर्क घातलेल्या वेल्ससुद्धा (प्लेटमधले छोटे खळगे) जांभळ्या झाल्या. ते रीडिंग वजा केलं, शिवाय फुटलेल्या पेशींतून बाहेर येणारं एलडीएच हे एन्झाइम वेगळं मोजलं. दोन्ही चाचण्या एकाच दिशेने बोलल्या तेव्हा कुठे हायसं वाटलं. मधल्या मात्रेला संरक्षण स्पष्ट दिसलं. सगळ्यात जास्त मात्रेला मात्र विष न घालताही पेशी मरत होत्या.

व्हायवात एक्स्टर्नल सरांनी नेमकं मात्रेवरच बोट ठेवलं. एक-दोन कप चहानंतर रक्तात ईजीसीजी (ग्रीन टीमधलं मुख्य कॅटेचिन) एक मायक्रोमोलरच्याही खाली असतं, आम्ही प्लेटमध्ये त्याच्या कितीतरी पट घातलं होतं. मी तेच सांगितलं: हा निकाल प्लेटमधल्या पेशींचा आहे, कपातल्या चहाचा नाही. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेचा २०१८चा अहवालही मांडला. पूरक गोळ्यांतून रोज ८०० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त ईजीसीजी घेणाऱ्यांच्या रक्तात यकृताची एन्झाइम्स वाढल्याचं त्यात नोंदवलं आहे. त्यामुळे लिव्हरसाठी ग्रीन टीच्या कॅप्सूल घेऊ का, असं घरातल्या कोणी विचारलं तर मी स्पष्ट नाही म्हणते. चहा खुशाल प्या.

जास्त मात्रेला पेशी का मेल्या, हे अजून तपासायचं आहे. ईजीसीजी कल्चर मीडियात, म्हणजे पेशी वाढवायच्या द्रवात, टिकत नाही, त्याच्या ऑक्सिडीकरणातून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं. आता मीडियात हे पेरॉक्साइड मोडणारं कॅटालेज एन्झाइम घालून तीच प्लेट पुन्हा लावणार आहे.