"ग्रॅज्युएट झालात ना? मग कसली अक्षमता?" : एमबीएच्या फॉर्मआधीचा माझा अनुभव

एमबीए करायचं म्हटलं की लोक आधी विचारतात, क्लास कुठला लावलास? डिस्लेक्सिया (वाचता-लिहिताना अडचण आणणारी अध्ययन अक्षमता) असेल आणि पदवीला मार्क कमी असतील, तर क्लासचं नंतर बघा, आधी दिव्यांग सर्टिफिकेटच्या मागे लागा. माझी निम्मी ताकद त्या एका कागदात गेली. अजूनही आठवलं की डोकं तापतं.

मला बी.कॉम.ला ४८ टक्के. आयआयएमच्या प्रवेशाची कॅट परीक्षा असो की आपल्या राज्याची एमबीए सीईटी, खुल्या वर्गाला पदवीला किमान ५० टक्के लागतात आणि दिव्यांग उमेदवाराला ४५. म्हणजे कागद हातात असेल तर मी पात्र, नसेल तर विषयच संपला. जादा वेळ आणि ५ टक्के आरक्षण या त्यापुढच्या गोष्टी.

दहावीच्या वेळचा दाखला माझ्याकडे होता. त्यावर डिस्लेक्सिया आणि डिसग्राफिया (लिहिण्यातली अडचण) असं स्वच्छ लिहिलेलं, आणि त्याच्या जोरावर बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळही मिळालेला. पण त्यावर टक्केवारी नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अक्षमतेच्या २१ प्रकारांत अध्ययन अक्षमता घेतली, पण आरक्षणासाठी किमान ४० टक्के अक्षमता दाखल्यावर नोंदलेली लागते. शिवाय १ जून २०२१ पासून दाखला यूडीआयडीच्या, म्हणजे दिव्यांगांच्या केंद्रीय ओळखपत्राच्या, पोर्टलवरूनच मिळतो. म्हणजे तपासणी नव्याने.

पोर्टलवरचा अर्ज, फोटो, आधार हे सगळं घरबसल्या झालं. घोडं अडलं ते रुग्णालयात.

खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, "हे लहान मुलांचं असतं, बालरोगला विचारा." बालरोगवाले म्हणाले, अठराच्या वरचे आम्ही घेत नाही, मनोविकारला जा. मनोविकारवाल्यांनी सांगितलं, एलडीचं (अध्ययन अक्षमतेचं) क्लिनिक बालरोगकडे आहे. प्रत्येक ठिकाणी नवा केस पेपर, नवी रांग आणि तीच हकिगत पहिल्यापासून. एका टेबलावर तर माझी पदवीची गुणपत्रिका उलटीपालटी करून साहेबांनी विचारलं, "ग्रॅज्युएट झालात ना मॅडम? मग कसली अक्षमता?" मागे रांगेतले लोक ऐकत होते. कॉस्टिंगच्या पेपरात गणित बरोबर सोडवूनही उत्तर उतरवताना आकडे उलटे पडायचे आणि शेवटचे प्रश्न दर वर्षी कोरे राहायचे, हे मी त्या रांगेत उभी राहून कसं सांगू? ते ४८ टक्के असेच तर आले होते.

संताप याचा की नियम त्यांच्याच विरुद्ध बोलत होता. केंद्राच्या ४ जानेवारी २०१८ च्या राजपत्रात लिहिलं होतं की आठव्या वर्षापासून प्रमाणपत्र द्यायचं, १४ आणि १८ व्या वर्षी पुन्हा तपासायचं, आणि १८ व्या वर्षी दिलेलं प्रमाणपत्र कायमचं. मग अठरा झालेल्या माणसाला तपासायचं कोणी? या प्रश्नाचं उत्तर त्या अख्ख्या इमारतीत कोणी देईना.

शेवटी तोंडी बोलणं बंद केलं. वैद्यकीय अधीक्षकांच्या नावाने अर्ज लिहिला. राजपत्रातलं ते पान अधोरेखित करून जोडलं, जुन्या दाखल्याची प्रत लावली आणि तळाशी लिहिलं, "प्रत माहितीस्तव : दिव्यांग कल्याण आयुक्त, पुणे". आवक कक्षात अर्ज देऊन माझ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतला. खरा फरक त्या क्रमांकाने पडला. तोवर मी "त्या एलडीवाल्या मॅडम" होते, आता माझ्या नावाची फाईल होती आणि कुणाला तरी तिच्यावर शेरा मारणं भाग होतं. मनोविकार विभागातल्या एका निवासी डॉक्टरांनी ती हातात घेतली, बालरोगच्या क्लिनिकला स्वतः फोन लावला आणि मला तपासणीची तारीख मिळाली.

आधी बुद्ध्यांक, मग बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेची अध्ययन अक्षमतेची चाचणी. ही मुळात १२ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी बनवलेली. आकड्यांच्या दाट ओळींतून सांगितलेला आकडा खोडत जायचा, उतारा मोठ्याने वाचायचा, श्रुतलेखन, बेरीज-वजाबाकी. मानसशास्त्रज्ञ मॅडम माझी एकेक चूक पेन्सिलने टिपून घेत होत्या. माझ्या चुका कोणी न रागावता मोजतंय, असं याआधी कधी झालं नव्हतं. दाखल्यावर ४० च्या वरचा आकडा आला तेव्हा मी रुग्णालयाच्या जिन्यातच बसून रडले.

एक राहिलं. शाळेतली प्रगतिपुस्तकं, समुपदेशकांचं पत्र, जुन्या वह्या असतील तर सोबत न्या. मोठ्या वयात तपासणारे लहानपणीचा पुरावा मागतात, आणि मागायलाच हवा. आधार, गुणपत्रिका आणि यूडीआयडी यांवर नावाचं स्पेलिंग एकच आहे ना, तेही आधीच बघून घ्या.

परीक्षेचं थोडक्यात. नियम तासाला किमान २० मिनिटं जादा देण्याचा आहे. म्हणून कॅटचा ४० मिनिटांचा प्रत्येक विभाग आपल्याला ५३ मिनिटं २० सेकंदांचा मिळतो, एकूण १६० मिनिटं. सीईटीची १५० मिनिटं २०० होतात, आणि तिथे चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न सोडू नका. परीक्षा संगणकावर असल्याने मी लेखनिक घेतला नाही. ज्यांची टक्केवारी ४० च्या खाली भरते त्यांनीही गप्प बसू नये. लेखनिकासाठी ४० टक्क्यांची अट लावता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ ला विकास कुमार यांच्या खटल्यात सांगितलं आहे.

मार्क कमी असतील तर सीईटीकडे दुय्यम म्हणून बघू नका, असं माझं ठाम मत आहे. आयआयएम मुलाखतीला बोलावताना दहावी, बारावी आणि पदवीचे मार्कही धरतात. राज्याच्या कॅप फेरीत (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेत) गुणवत्ता यादी प्रवेश परीक्षेच्या पर्सेंटाइलवर लागते, माझे ४८ टक्के तिथे फक्त पात्रतेपुरते बघितले गेले. मला प्रवेश तिथूनच मिळाला, हव्या त्या कॉलेजात.

कॉलेजच्या परीक्षांना जादा वेळ आपोआप मिळत नाही, त्यासाठी वेगळा अर्ज लागतो. मी पहिल्याच आठवड्यात परीक्षा विभागात दिला, यूडीआयडीची प्रत जोडून. पहिल्या सत्राच्या हॉल तिकिटावर वाढीव वेळ छापून आली होती.