दुसरा आलेला मुलगा

जेवणानंतर फोन घेऊन आडवं व्हायचं आणि डोळा लागला की तो नाकावर पाडून घ्यायचा, हा माझा दुपारचा कार्यक्रम. परवा नाकावर पडायच्या आधी त्यात बर्फ दिसला. बाहेर अशी काहिली होती की बर्फ म्हटल्यावर कुणीही थांबलं असतं. अमेरिकेची राष्ट्रीय फिगर स्केटिंग स्पर्धा, पुरुषांची, जानेवारी २०१८, सॅन होजे. म्हणजे चांगली शिळी. मला स्पर्धा अशाच आवडतात. निकाल ठाऊक असला की मैदानाकडे बघावं लागत नाही, माणसांकडे बघता येतं.

खरं सांगायचं तर मला स्केटिंगमधलं फार कळत नाही. लुट्झ उडी कुठली आणि फ्लिप कुठली, हे अजूनही समालोचकानं सांगितल्यावरच समजतं. मी बघते ती त्यानंतरची दोन मिनिटं. बर्फावरून उतरून खेळाडू धापा टाकत एका बाकावर येऊन बसतो, शेजारी प्रशिक्षक. या कोपऱ्याला किस अँड क्राय म्हणतात. कुणीतरी खांद्यावर जाकीट टाकतं, हातात पाण्याची बाटली येते, प्रेक्षकांनी फेकलेलं एखादं भरलेलं अस्वल मांडीवर असतं. पुढं टिश्यूचा डबा मांडलेलाच असतो. आणि सगळे एका पडद्याकडे तोंड अर्धवट उघडं ठेवून बघत असतात. गुण आले की चेहऱ्याला आधी कळतं, मग माणसाला. त्या मधल्या क्षणासाठी मी चार-साडेचार मिनिटांचं नृत्य खुशाल पुढं ढकलते.

आई शेजारी परातीत गवार मोडत बसली होती. तिनं चष्मा वर सरकवला आणि मान वाकडी करून बघायला लागली. तिची पद्धत वेगळी. कुणी उडी घेतली की तिचा हात थांबतो, कुणी पडलं की "आई गं!" आणि मग गवारीच्या शेंगेला जरा जास्तच जोरात मोडते.

"पडला बिचारा. गेलं सगळं."

"जात नाही गं. हवेत चार गिरक्या पुऱ्या केल्या असतील तर पडूनही बरेच गुण हातात राहतात. पडल्याचा वेगळा एक वजा होतो."

"पडूनही मिळतात? बरंय."

मग गुण आले. रॉस मायनर नावाचा मुलगा, २७४.५१.

"कशापैकी?" आईनं विचारलं.

आता काय सांगणार? कशापैकीच नसतात. पूर्वी सहापैकी असायचे, ते कुणालाही समजायचं, ५.९ म्हटलं की घरात बसलेला माणूससुद्धा टाळी वाजवायचा. पण २००२ साली सॉल्ट लेक सिटीच्या ऑलिंपिकमध्ये जोडीच्या स्पर्धेत परीक्षकांच्या सौदेबाजीचं प्रकरण निघालं, शेवटी दोन जोड्यांना सुवर्णपदक द्यावं लागलं, आणि त्यानंतर ही बेरीज-वजाबाकीची नवी पद्धत आली. प्रत्येक उडीची किंमत ठरलेली, वर ती कशी झाली त्याचं अधिक-उणं. न्याय्य असेल. पण वरची हद्द नसलेले गुण आमच्या घरात गुण धरत नाहीत.

"मग टक्के कसे काढायचे?" म्हणून तिनं विषय संपवला.

टक्क्यांवरून मला आमच्या शाळेचं सभागृह आठवलं. आंतरशालेय कथाकथन स्पर्धा. गोष्टी सगळ्या दुपारीच सांगून झालेल्या असायच्या. खरी स्पर्धा त्यानंतर सुरू व्हायची, परीक्षकांच्या मनोगतापासून. "सर्वच स्पर्धकांची तयारी उत्तम होती" या वाक्यानं सुरुवात, आणि मग अर्धा-पाऊण तास निकालाचा कागद खिशात ठेवून कथाकथनाचा इतिहास. दुसऱ्या-तिसऱ्या रांगेत आया बसलेल्या. एकीच्या पिशवीत थर्मास, एकीच्या हातात मुलीची वेणीतून सुटलेली रिबीन. त्या भाषणातला शब्द न् शब्द टिपत असायच्या. परीक्षक म्हणाले, "काहींनी हातवारे जरा जास्त केले," की माझी आई शेजारणीच्या कानाशी लागून म्हणायची, "आपली गेली." "आवाजाची फेक" आली की शेजारीण ताठ. "पाठांतर" हा शब्द तर सगळ्यात वाईट. ज्याचं बाकी काही चांगलं नसतं त्याचंच पाठांतर चांगलं असतं, हे सर्व आयांना माहीत होतं. आम्ही मुलं मात्र मागं खुर्च्यांवर चढून एकमेकांच्या पाठीवर रेवड्या फोडत असायचो. उत्तेजनार्थ मिळालं की त्याचं प्रमाणपत्र गुंडाळून दुर्बीण करायची, एवढाच आम्हाला निकालात रस.

मोठेपणी पुरुषोत्तम करंडकाच्या, म्हणजे कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेच्या, निकालाला भरत नाट्य मंदिरात गेले तेव्हा पोरांच्या घोषणांनी कान किटले, पण मला त्यातही ओरडणाऱ्यांपेक्षा न ओरडणारे बघायचे असायचे. ही खोड मला बहुधा त्या दुसऱ्या रांगेतूनच लागली.

असो. मायनर.

त्याचा तो दिवस होता. शॉर्ट प्रोग्रॅमनंतर, म्हणजे पहिल्या छोट्या फेरीनंतर, तो बराच मागं होता. फ्री स्केटमध्ये, म्हणजे दुसऱ्या लांब फेरीत, मात्र लागला ना सूर! क्वाड सॅल्कोव्ह, चार गिरक्यांची उडी, साधली, आणि शेवटाकडे तर तो स्वतःच इतका चकित झालेला दिसत होता की मला त्याला म्हणावंसं वाटलं, अरे बाबा, आधी संपव. प्रेक्षक उभे. वयाच्या सव्विसाव्या वर्षी राष्ट्रीय रौप्यपदक. त्याच्या पुढं फक्त नेथन चेन, ३१५.२३, पाच क्वाड. तो वेगळ्याच गावचा, त्याचं कुणी मनावरच घेत नव्हतं. तिसरा व्हिन्सेंट झोऊ. चौथा ॲडम रिपन, जो क्वाड लुट्झवर पडला आणि शेवटाकडे दोन उड्या त्याच्या हातून सुटल्या.

दुसऱ्या दिवशी ऑलिंपिकचा संघ जाहीर झाला. चेन, झोऊ, रिपन.

"आणि दुसरा आलेला?" आईनं शेंग हातातच धरली.

"नाही नेला."

"पडलेल्याला नेला?"

"हो."

"चौथ्याला?"

"अगं हो."

मग मी तिला समितीची बाजू सांगितली. ही स्पर्धा म्हणजे निवड चाचणी नव्हे. समिती वर्षभराची, त्याआधीचीही कामगिरी मांडून बसते. मायनरचं तसं मांडण्याजोगं थोडं होतं. रिपन महिनाभरापूर्वीच ग्रां प्री या आंतरराष्ट्रीय मालिकेच्या अंतिम फेरीत खेळून आलेला. पहिला राखीव खेळाडूसुद्धा मायनर नव्हे, सहावा आलेला जेसन ब्राउन. हे सांगताना माझाच आवाज पडत गेला. २०१४ साली महिलांमध्येही असंच झालं होतं: तिसरी आलेली मिराई नागासू घरी, चौथी आलेली ॲश्ली वॅगनर सोचीच्या ऑलिंपिकला. तेव्हा रिपनही आठवा येऊन घरीच राहिला होता, आणि तो आणि नागासू दोघांनी मिळून छतावर बसून दुःखात बर्गर खाल्ले होते. म्हणजे २०१८ मध्ये ज्याच्या नावानं लोक बोटं मोडत होते, तो स्वतः त्या रांगेतून आलेला. अशा वेळी चिडायचं तरी कुणावर?

आईला समिती मान्य नव्हती. "वर्षभराचं बघायचं होतं तर त्या दिवशी बोलावलं कशाला सगळ्यांना?" या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर नव्हतं. मी चेनचं उदाहरण दिलं. महिनाभरानं प्यॉंगचांगच्या ऑलिंपिकमध्ये हाच चेन शॉर्ट प्रोग्रॅममध्ये सतरावा आला. दुसऱ्या दिवशी सहा क्वाड मारून पाचवा झाला. एका दिवसावर विसंबलं तर असं होतं, म्हणून समित्या वह्या काढून बसतात. झोऊ सहावा आला, रिपन दहावा, शिवाय सांघिक स्पर्धेत रिपनच्या फ्री स्केटनं कांस्यपदकाला हातभार लावला. मग समिती बरोबर का? मायनर तिथं कितवा आला असता, हे कोण सांगणार. त्यानं त्याच वर्षी स्पर्धा सोडल्या.

आईचं लक्ष केव्हाच दुसरीकडे गेलं होतं. "यांचे आईबाप कुठं बसतात?" ती प्रेक्षकांत शोधत होती. तिला सगळीकडे दुसरी रांग दिसते.

काहींचे त्या बाकावरच बसतात, मी म्हटलं, आईबापच प्रशिक्षक असले तर. आणि मग मॅक्सिम नॉमोव्हचं सांगावं लागलं. जानेवारी २०२५ ची राष्ट्रीय स्पर्धा विचिटाला झाली, तो चौथा आला. तो आधी घरी परतला; आईवडील, दोघेही जोडीचे माजी विश्वविजेते, मागं राहिले. २९ जानेवारीला विचिटाहून निघालेलं विमान वॉशिंग्टनजवळ हेलिकॉप्टरवर आदळून पोटोमॅक नदीत पडलं. ६७ माणसं गेली. त्यात ते दोघे होते, आणि स्केटिंग शिकणारी कितीतरी लहान मुलं, त्यांच्या आया, त्यांचे बाप. वर्षभरानं, जानेवारी २०२६ मध्ये, सेंट लुईसला मॅक्सिम पुन्हा उतरला आणि त्या बाकावर आईवडिलांबरोबरचा लहानपणचा फोटो हातात धरून बसला.

"कितवा आला?"

"तिसरा."

"याला तरी नेला ना?"

"नेला."

"मग ठीक," आई म्हणाली आणि परात घेऊन उठली.

त्या वर्षी समितीनं पहिले तीन होते तेच नेले, मलिनिन, टोर्गाशेव्ह, नॉमोव्ह. वह्यांतून तेच निघालं की वह्या उघडल्याच नाहीत, देव जाणे. आईला विचाराल तर ती म्हणेल, उघडायच्या कशाला.