नव्या व्हायोलिनचा स्वर निवडताना

नवे व्हायोलिन घ्यायचे ठरवल्यावर मी वेगवेगळ्या कारागिरांची चार वाद्ये एकाच प्रकारच्या तारा चढवून, एकाच गजाने आणि एकाच खोलीत वाजवून पाहिली. कारण तारा किंवा गज बदलला, की फरक नेमका कशाचा हे कळेनासे होते. सर्वांची वरची फळी स्प्रूस लाकडाची आणि पाठ मेपल लाकडाची, तरीही स्वभाव निराळे. जुने इटालियन व्हायोलिन कारागीर स्ट्रॅडिव्हरी (मृत्यू १७३७) यांच्या घडणीवर बेतलेले वाद्य सर्वांत उंच स्वराच्या ई तारेवर स्वच्छ, लखलखीत बोलत होते, तर त्यांच्याच काळातले कारागीर ग्वार्नेरी 'देल जेसू' (मृत्यू १७४४) यांच्या नमुन्यावरचे सर्वांत खालच्या स्वराच्या जी तारेवर असे घुमले, की गज थांबवून तो नाद विरेपर्यंत मी ऐकतच राहिले. आणखी एक जुने कारागीर याकोब श्टाइनर यांच्या धर्तीचे, उंच फुगवट्याचे वाद्य फार गोड होते, पण दाब वाढवताच त्याचा आवाज कोंदला. चौथे मनात ठसले नाही.

अर्थात, फळ्यांची जाडी आणि आतल्या साउंडपोस्टची (दोन्ही फळ्यांमध्ये उभ्या असलेल्या छोट्या लाकडी काठीची) जागा यांनीही स्वर पालटतो, त्यामुळे केवळ नमुन्याच्या नावावर विसंबणे मला योग्य वाटत नाही. शेवटी मैत्रिणीला वाजवायला सांगून मी खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभी राहिले. तिथेही ग्वार्नेरी नमुन्याचेच वाद्य अधिक भरदार ऐकू आले, आणि तेच मी घेतले.