ब्रायन मे यांची तारीखवही : नव्या रकान्यानंतरची नोंद

‘क्वीन’ या ब्रिटिश रॉक बँडचे गिटारवादक ब्रायन मे यांच्या तारखांची वही मी कोथरूडच्या घरी गेली तीन वर्षे भरत आहे, आणि या पावसाळ्यात तिच्यात एका रकान्याची भर घातली. आतापर्यंत तारीख आणि घटना एवढेच लिहीत होतो. आता त्या घटनेमागचे काम मुळात कधी सुरू झाले, हेही मधल्या रकान्यात नोंदवतो. त्यामुळे जुनी पाने पुन्हा उतरवावी लागत आहेत, पण श्रम वाया गेलेले नाहीत.

पहिला फरक ३ जून २००२ च्या नोंदीत दिसला. राणी एलिझाबेथ यांच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवात मे यांनी बकिंगहॅम राजवाड्याच्या गच्चीवरून राष्ट्रगीत वाजवले, ती ही तारीख. मधल्या रकान्यात मी ऑगस्ट १९६३ लिहिले, कारण हातातली ‘रेड स्पेशल’ गिटार त्यांनी वडील हॅरोल्ड यांच्यासह घरीच तेव्हा घडवायला घेतली होती. तिच्या नेकला (लांब दांड्याला) शेकोटीवरच्या जुन्या फळीचे लाकूड वापरले, ट्रेमोलोला (सूर हेलकावणाऱ्या यंत्रणेला) मोटारसायकलच्या व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा लावल्या आणि फ्रेटबोर्डवरच्या (बोटांनी तारा दाबायच्या पट्टीवरच्या) खुणांसाठी आईच्या शिवणाच्या डब्यातील शिंपल्याची बटणे घेतली. सुमारे दोन वर्षे हे काम चालले.

१३ जुलै या तारखेला मात्र स्वतंत्र पान द्यावे लागले. १९७३ मध्ये याच दिवशी क्वीनचा पहिला अल्बम इंग्लंडमध्ये प्रकाशित झाला आणि बरोबर बारा वर्षांनी, १९८५ मध्ये, लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर ‘लाइव्ह एड’ हा मदतनिधीचा संगीत कार्यक्रम झाला. क्वीन मंचावर आले तेव्हा तेथे संध्याकाळचे सुमारे पावणेसात वाजले होते, म्हणजे आपल्याकडे रात्रीचे सव्वाअकरा; त्यामुळे भारतीय वेळेनेही तारीख बदलत नाही. माझ्या पहिल्या खर्ड्यात पहिल्या अल्बमपुढे भलतेच वर्ष पडले होते, कारण जुन्या बाजारात मिळालेल्या प्रतीवर पुनर्मुद्रणाचे वर्ष होते आणि ते मी पडताळून न पाहता उतरवले. रेकॉर्डवरून वर्षे घेणाऱ्यांनी मूळ प्रकाशनाची तारीख वेगळी तपासावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

१९७४ च्या नोंदींवर सर्वाधिक वेळ गेला. त्या वर्षी मे महिन्यात, अमेरिकेच्या दौऱ्यावर असताना, मे यांना कावीळ झाली आणि दौरा अर्धवट सोडावा लागला. त्यानंतर अल्सरमुळे ते पुन्हा रुग्णालयात गेले. उरलेल्या तिघांनी तिसऱ्या अल्बमचे ध्वनिमुद्रण सुरू ठेवले, गिटारसाठी जागा मोकळ्या ठेवल्या आणि बरे झाल्यावर मे यांनी त्या भरल्या. हा अल्बम ८ नोव्हेंबर १९७४ रोजी आला. प्रकाशनाची एकच तारीख लिहिली की हे सारे आजारपण आणि सोबत्यांचा विश्वास वहीतून निसटतो, आणि मला तेच मुख्य वाटते.

याच वर्षी त्यांनी लंडनच्या इम्पिरियल कॉलेजमधील पीएच.डी.चे संशोधनही बाजूला ठेवले. सूर्याभोवती ग्रहांच्या प्रतलात पसरलेल्या धुळीच्या वेगाचा तो अभ्यास होता आणि त्यासाठी त्यांनी टेनेरिफ बेटावरील वेधशाळेत निरीक्षणे घेतली होती. प्रबंध सादर झाला २००७ मध्ये, म्हणजे तेहतीस वर्षांच्या खंडानंतर. ज्या धुळीवर हा प्रबंध आहे, तिच्यावरून विखुरलेला सूर्यप्रकाश मी मागच्या आश्विनातील अमावास्येच्या सुमारास वेल्ह्याच्या पुढे, पहाटे पूर्वेकडे पाहिला. फिकट, वर निमुळता होत गेलेला तो उजेड दिसला तेव्हा वहीतील २००७ ची ओळ मला पहिल्यांदा नीट वाचता आल्यासारखी वाटली.

आता ९ ऑगस्ट १९८६ च्या, इंग्लंडमधील नेबवर्थ येथील कार्यक्रमापर्यंतची पाने पुरी झाली आहेत; क्वीनचे गायक फ्रेडी मर्क्युरी यांच्यासह झालेला तो शेवटचा कार्यक्रम. पुढच्या महिन्यात २४ नोव्हेंबर १९९१ आणि २० एप्रिल १९९२ ही दोन पाने घेणार आहे. मर्क्युरी यांचे निधन आणि वेम्बलीवरील श्रद्धांजलीचा कार्यक्रम यांच्यामधल्या पाच महिन्यांत क्वीनच्या उरलेल्या तिघांनी काय काय उभे केले, ते मधल्या रकान्यात सविस्तर लिहायचे आहे.